होणार, होईल, होऊही शकेल

लंडनच्या रुग्णालयांत मी दुभाष्याचं काम करते. टेबलाच्या एका बाजूला इंग्रजी बोलणारे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मुलांकडे कायमचे राहायला आलेले मराठी आईवडील आणि मध्ये मी. रोगांची लांबलचक नावं सांगताना अडचण होत असेल, असं लोकांना वाटतं. ती होत नाही. नावं आधी वाचून तयारी करता येते. जीव गोळा करून ऐकावे लागतात ते डॉक्टरांच्या तोंडचे अगदी छोटे शब्द : माइट, मे, कुड, शुड, वुड. पुढे काय होईल हे इंग्रजी बोलणारा माणूस या शब्दांतून सांगतो आणि त्यांच्यावरून घरातले लोक मोठे निर्णय घेतात. गावचं घर विकायचं का, नातीचं लग्न अलीकडे घ्यायचं का, भावाला भारतातून बोलावून घ्यायचं का. इतक्या वर्षांच्या ऐकण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. हे शब्द उद्याविषयी जेवढं सांगतात, त्याहून जास्त ते बोलणारा स्वतःच्या अंगावर किती घ्यायला तयार आहे हे सांगतात.

१. इंग्रजी क्रियापद स्वतः भविष्यात जात नाही

आपलं क्रियापद स्वतःच वळतं : येतो, येईल. इंग्रजी क्रियापदाला तसं वळता येत नाही. त्याच्या आधी दुसरा शब्द ठेवावा लागतो आणि हे शब्द मुळात भविष्याचे नव्हतेच. जुन्या इंग्रजीत ‘विल’ म्हणजे इच्छा असणं, ‘शॅल’ म्हणजे देणं लागणं, ‘मे’ म्हणजे अंगात बळ असणं. आपण शाळेत घोकलेला नियम, म्हणजे ‘आय’ आणि ‘वी’ला शॅल, बाकीच्यांना विल, हा जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. आज लंडनमध्ये ‘शॅल’ मला बहुतेक वेळा प्रश्नातच ऐकू येतो : खिडकी उघडू का, चहा टाकू का.

म्हणजे इंग्रजीत उद्याविषयी बोलायचं तर इच्छा, देणं किंवा बळ यांपैकी कशाचा तरी आधार घ्यावा लागत आला आहे. मराठी माणसाला हे फार परकं वाटू नये. दाराची बेल वाजली की इथले लोक ‘दॅट विल बी द पोस्टमन’ म्हणतात आणि आपणही ‘पोस्टमन असेल’ म्हणतो. रूप भविष्याचं, गोष्ट आत्ताची आणि सांगणं अंदाजाचं. आपल्या ‘असेल’मध्ये अंदाज आधीपासूनच मुरलेला आहे, ही दुभाष्याच्या हातातली मोठी सोय आहे.

२. ‘मे’ आणि ‘माइट’ची वजनं काट्यावर मोजू नयेत

‘मे’ म्हणजे जास्त शक्यता आणि ‘माइट’ म्हणजे कमी, असं आपल्याला शिकवलेलं असतं. कुटुंबातला इंग्रजी जाणणारा मुलगा मग माझ्याकडे वळून हळूच म्हणतो, “ताई, ‘माइट’ म्हणाल्या ना त्या? म्हणजे फारसं काही नाही.” बोलण्यातल्या इंग्रजीत हा फरक जवळपास पुसला गेला आहे. मी ऐकते त्यात ‘माइट’ तोंडात असतो आणि ‘मे’ कागदावर. तीच डॉक्टर तीच गोष्ट तोंडाने ‘माइट’ म्हणून सांगते आणि नंतरच्या पत्रात ‘मे’ लिहिते. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१-९२ या काळातल्या ब्रिटिश आणि अमेरिकन छापील इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे संग्रह शेजारी ठेवून तपासले, तेव्हा त्या तीस वर्षांत ‘मे’, ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ यांचा वापर बराच घटलेला दिसला. ‘मे’ मागे पडतो आहे तो औपचारिक झाल्यामुळेही. त्याच्यावरून धोका वाढला किंवा कमी झाला असं धरणं योग्य नाही.

३. ‘कॅन’ स्वभाव सांगतो, ‘कुड’ तुमच्याविषयी सांगतो

मराठी माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण आपलं ‘शकणं’ दोन्हीकडे चालतं. ‘एप्रिलमध्ये इथे बर्फ पडू शकतो’ आणि ‘उद्या बर्फ पडू शकतो’ या दोन्ही वाक्यांत मराठीला काही खटकत नाही. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘कॅन’ चालतो, कारण ते एप्रिलच्या स्वभावाविषयी आहे. दुसऱ्यात मात्र ‘कुड’, ‘माइट’ किंवा ‘मे’ हवा. ‘टुमॉरो इट कॅन स्नो’ असं इथला माणूस म्हणत नाही. आपल्याकडची इंग्रजी शिकलेली माणसं सर्रास म्हणतात आणि समोरच्याला अर्थ कळतोही, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही.

दवाखान्यात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. ‘धिस ड्रग कॅन कॉज हेअर लॉस’ हे औषधाविषयीचं वाक्य आहे. त्या औषधाने काही जणांचे केस गळतात, एवढंच ते सांगतं. ‘यू कुड लूझ युअर हेअर’ हे समोर बसलेल्या बाईंविषयीचं वाक्य आहे. दोन्ही ठिकाणी मी ‘केस गळू शकतात’ म्हटलं, तर व्याकरण बरोबर राहील आणि अर्थ हातातून निसटेल. म्हणून पहिलं वाक्य मी ‘या औषधाने काही जणांचे केस गळतात’ असं साधं वर्तमानकाळात सांगते. दुसऱ्याला ‘तुमचे केस गळण्याचा संभव आहे’ असं म्हणते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फरक लगेच दिसतो. पहिल्या वाक्याला लोक मान डोलावतात, दुसऱ्याला प्रश्न विचारतात.

नकारातही तेच. ‘इट माइट नॉट वर्क’ म्हणजे उपयोग होणार नाही असंही होईल. ‘इट कान्ट वर्क’ म्हणजे उपयोग होणं शक्यच नाही. पहिल्यात दार उघडं आहे, दुसऱ्यात बंद. घाईत ऐकताना दोन्हींतला नकार तेवढा कानाला लागतो आणि माणूस खचतो.

४. शेजारी बसलेल्या शब्दावर लक्ष ठेवा

एकट्या ‘मे’ किंवा ‘माइट’ला फारसं वजन नसतं, वजन येतं ते जोडीला आलेल्या शब्दामुळे. ‘इट मे कम बॅक’ म्हणजे दुखणं परत येईलही. ‘इट मे वेल कम बॅक’ म्हणजे बहुधा परत येईल, तयारीत राहा. मध्ये आलेल्या ‘वेल’ने सगळा तोल बदलला. ‘वेल’ म्हणजे चांगलं हे पाठ असलेल्या माणसाला ते वाक्य दिलासा देणारं वाटतं आणि तसं वाटलेली माणसं मी समोर बघितली आहेत. ‘माइट जस्ट’ आला तर शक्यता बारीक आहे, पण बोलणाऱ्याचा जीव तिच्यात आहे असं समजावं. ‘लाइकली टू’ म्हणजे होण्याकडे कल आहे. ‘बाउंड टू’ म्हणजे होणारच; इथे आपला ‘च’ एकटा पुरतो.

‘मे वेल’शी घोटाळा होतो तो ‘माइट ॲज वेल’चा. ‘वी माइट ॲज वेल डू द स्कॅन टुडे’ यात शक्यता कुठेच नाही. आलेच आहात तर आजच स्कॅन उरकून घेऊ, एवढाच त्याचा अर्थ. ‘कदाचित आज स्कॅन होईल’ असं समजून नातेवाईक मोटार आणायला निघून गेले, तर रुग्णाबरोबर थांबायला कोणी उरत नाही.

५. ‘शुड’ शुभ बोलतो

‘यू शुड बी होम बाय फ्रायडे.’ शुक्रवारपर्यंत घरी जाणं तुमचं कर्तव्य आहे, असं डॉक्टरांना म्हणायचं नसतं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर शुक्रवारपर्यंत घरी जाल, असा हिशेब ते मांडत असतात. मराठीत ‘घरी जायला हवं’ म्हटलं की हुकूम होतो, म्हणून मी ‘शुक्रवारपर्यंत घरी जाता येईल असं दिसतंय’ म्हणते. आणखी एक गोष्ट मला ऐकून ऐकून कळली : अंदाजाचा ‘शुड’ डॉक्टर चांगल्या गोष्टीसाठीच वापरतात. जखम भरून यायला ‘शुड’ असतो. जखमेत पू व्हायला ‘शुड’ लावलेला मी कधी ऐकलेला नाही, तिथे ‘माइट’ किंवा ‘कुड’ येतो. तेव्हा एखादी डॉक्टर ‘शुड’ म्हणता म्हणता ‘कुड’वर आली, तर बातमी बदलली आहे असं मी धरते आणि आवाजही तसाच ठेवते.

६. शब्द ऐकला की आकडा विचारावा

हे सांगताना मला नेहमी शर्मन केंट यांची गोष्ट आठवते. ते अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत अंदाज लिहिणाऱ्या गटात होते. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ला होईल का, यावर त्यांच्या गटाने एक अहवाल लिहिला. त्या वर्षी असा हल्ला होणं ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानावी, असं त्यात म्हटलं होतं. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने केंटना विचारलं की या शब्दांनी तुम्हाला नेमकं किती म्हणायचं आहे. केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. तो अधिकारी चमकला, कारण त्याने ते त्याहून बरंच कमी धरलं होतं. मग केंटनी अहवालावर सह्या करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना एकेकाला विचारलं. उत्तरं शंभरात वीसपासून ऐंशीपर्यंत निघाली. एकाच भाषेत वाढलेल्या, एकाच खोलीत बसून एकाच वाक्यावर एकमत केलेल्या माणसांची ही उत्तरं होती.

त्यातून केंटनी शब्दांना आकडे नेमून देणारा तक्ता केला आणि १९६४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. ‘प्रॉबेबल’ म्हणजे सुमारे ७५ टक्के, ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे सुमारे ९३, असा तो तक्ता होता. आज ब्रिटनच्या गुप्तचर अहवालांसाठीही अशीच मोजपट्टी आहे. तिच्यात ‘रिअलिस्टिक पॉसिबिलिटी’ ही पायरी ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान येते आणि ‘लाइकली’ ५५ ते ७५ टक्क्यांची. २०२२ मध्ये युक्रेनयुद्धावर ब्रिटिश संरक्षण खात्याचे रोजचे छोटे अहवाल येऊ लागले, त्यांत हे शब्द याच मापाने वापरलेले होते. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० च्या वर. एकच ‘लाइकली’, आणि गुप्तचरांच्या पट्टीत तो ५५ पासूनच सुरू होतो. मोजपट्टी कोणाची आहे हे माहीत नसेल, तर शब्द ऐकून काही ठरवता येत नाही.

डॉक्टरांच्या खोलीत तर अशी पट्टी भिंतीवर लावलेली नसते. म्हणून कुटुंबातल्या माणसांना मी पहिल्या भेटीआधी सांगते, “काका, मोठा निर्णय असेल तर शंभरातल्या किती जणांना असं होतं, हे विचारा. मी तो प्रश्न तसाच पोचवीन.” हा प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती आपल्या लोकांना असते. डॉक्टरांना असं विचारायचं नाही, हे संस्कार खोल गेलेले आहेत. पण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्याच्या निकालात या बाबतीत डॉक्टरांची जबाबदारी स्पष्ट केली आहे. मधुमेह असलेल्या, अंगाने लहानखुऱ्या एका गरोदर बाईच्या प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के होता आणि तो तिला सांगितला गेला नव्हता. बाळ कायमचं अपंग झालं. त्या रुग्णाच्या जागी असलेला समजदार माणूस ज्या धोक्याला महत्त्व देईल, तो धोका तिला सांगितलाच पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा आकडा विचारणारा म्हातारा माणूस कोणाचा अपमान करत नाही. तो आपल्या हक्काचं मागतो आहे.

७. औषधाच्या डब्यातला ‘मे’

इथल्या औषधांच्या डब्यात घडी घातलेला कागद असतो. दुष्परिणामांच्या यादीत ‘कॉमन’खाली लिहिलेलं असतं की हे दहातल्या एका माणसापर्यंत होऊ शकतं. ‘अनकॉमन’ म्हणजे शंभरात एकापर्यंत, ‘रेअर’ म्हणजे हजारात एकापर्यंत, ‘व्हेरी रेअर’ म्हणजे दहा हजारांत एकापर्यंत. या सगळ्या ओळींत क्रियापद एकच आहे : ‘मे अफेक्ट’. दहातल्या एकालाही ‘मे’ आणि दहा हजारांतल्या एकालाही ‘मे’. तो कागद वाचून गोळ्या कचऱ्यात टाकणाऱ्या एका आजींना मी आकड्यांच्या ओळी बोटाने दाखवून समजावल्या होत्या. घरी कोणी असा कागद मराठीत वाचून दाखवत असेल, तर ‘होऊ शकतं’ची यादी वाचण्याआधी आकडे वाचावेत.

८. ‘माइट वॉन्ट टू’ म्हणजे करा

‘यू माइट वॉन्ट टू कट डाउन ऑन सॉल्ट’ हे वाक्य शब्दशः धरलं तर ‘तुम्हाला कदाचित मीठ कमी करावंसं वाटेल’ असं होतं. आजोबा म्हणतील, “नाही बुवा वाटत.” त्या वाक्यात शक्यतेचा कपडा घातलेला सल्ला आहे आणि तो ठाम आहे. आपल्याकडचे डॉक्टर सरळ ‘मीठ कमी करा बरं का’ म्हणतात. मीही तेच म्हणते. समोरच्याच्या स्वातंत्र्याला धक्का न लावता सांगण्याची ही इथली रीत आहे आणि मला ती मनापासून आवडते, फक्त तिचा जोर ऐकणाऱ्यापर्यंत पोचायला हवा.

उलटा प्रकारही आहे. ‘आय माइट पॉप इन लेटर’ असं जाता जाता म्हणणारी नर्स, जमलं तर डोकावेन, असं म्हणते आहे. आपल्याकडे ‘येईन नंतर’ म्हटलेला माणूस येतो, म्हणून घरचे संध्याकाळपर्यंत जेवायलाही न जाता खुर्चीवर बसून राहतात.

९. ‘वुड’मागे ‘जर’ लपलेला असतो

‘द नेक्स्ट स्टेप वुड बी केमोथेरपी.’ हे ऐकून पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार, असं घरी फोनवर कळवलं जातं. ठरलेलं अजून काहीच नसतं. या औषधाने भागलं नाही, तपासणीत तसं आढळलं, तुमची तयारी असली, असे सगळे ‘जर’ त्या ‘वुड’ने पोटात घेतलेले असतात. मराठीत ‘झालं तर’ हे दोन शब्द पुरतात : पुढे काही करायची वेळ आलीच, तर केमो.

१०. खाली जाऊन वर येणारा सूर

दक्षिण इंग्लंडमधल्या लोकांच्या बोलण्यात ‘माइट’वर आवाज खाली जाऊन पुन्हा वर आला, तर वाक्याच्या पोटात एक ‘पण’ आहे असं समजावं. ‘इट माइट वर्क’ सपाट स्वरात म्हटलं तर औषध लागू पडायची शक्यता आहे. तेच सूर वळवून म्हटलं तर लागू पडेलही, पण मला फारशी आशा नाही. कागदावर ही दोन वाक्यं एकसारखी दिसतात. फोनवरून दुभाष्याचं काम करताना मला हीच धास्ती असते. आवाज तुटक आला की सूर जातो. अशा वेळी मी ते वाक्य परत म्हणायला सांगते, मग कोणी वैतागलं तरी चालेल.

११. सगळ्याला ‘कदाचित’ लावू नये

मराठीजवळ पुष्कळ साधनं आहेत आणि आपण ती वापरायची विसरत चाललो आहोत. ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ यांच्यात मोठं अंतर आहे. ‘येईल’, ‘येईलही’, ‘येईलच’ यांत शेवटच्या अक्षराने अर्थ कुठून कुठे नेला! ‘होण्यासारखं आहे’, ‘लक्षणं तशी दिसतात’, ‘झालं तर झालं’, ‘होता होईल तो’ हे आईच्या तोंडचे प्रयोग इंग्रजीतल्या पायऱ्यांना चांगले पुरे पडतात. बातम्यांमधलं ‘शक्यता नाकारता येत नाही’ मात्र मी दवाखान्यात वापरायचं बंद केलं आहे. इंग्रजीत ‘कान्ट बी रूल्ड आउट’ म्हणणारा डॉक्टर बहुतेक वेळा छोटी शक्यता सांगत असतो. ती तपासून बाजूला काढायची राहिली आहे, एवढंच. मराठीत तेच वाक्य इतक्या वेळा मोठ्या संकटांच्या बातम्यांना जोडलं गेलं आहे, की ऐकणाऱ्याला अर्ध्याहून जास्त धोका वाटतो. ‘तसं असेल असं वाटत नाही, पण तपासून खात्री करायची आहे’ हे लांब आहे, पण खरं आहे.

१२. दुभाष्याने थांबवून विचारावं

आमच्या कामाचा नियम असा की स्वतःचं काही घालायचं नाही आणि काही वगळायचं नाही. पण अर्थ स्पष्ट करून घ्यायला थांबवता येतं आणि ते दोन्ही बाजूंना सांगून करायचं असतं. ‘माइट’ संदिग्ध वाटला की मी हात वर करते, मराठीत सांगते की डॉक्टरांना एक गोष्ट विचारते आहे, आणि मग विचारते : हे सगळ्या रुग्णांविषयी बोलताय की यांच्याविषयी? आणि आकडा देता येईल का? बहुतेक डॉक्टर थांबून पुन्हा नीट सांगतात. काही आकडा देतात, काही ‘दहांतल्या सात-आठ जणांना’ असं ढोबळ सांगतात. आणि काही स्पष्ट म्हणतात की यांच्या वयाच्या, या आजाराच्या पुरेशा रुग्णांची माहितीच नाही, त्यामुळे आकडा दिला तर तो खोटा असेल. हे शेवटचं उत्तर मी सगळ्यात सावकाश सांगते, कारण ते ऐकल्यावर घरच्यांचा पुढचा प्रश्न बहुतेक एकच असतो : “मग त्यांच्या स्वतःच्या आईला असतं तर त्यांनी काय केलं असतं, विचारा ना ताई.” तोही मी जसाच्या तसा पोचवते.